घरात एकाला सतत जळजळ होत असेल तर स्वयंपाक कसा करायचा, हॉटेलात काय मागवायचं

आमच्या बाबांना बरीच वर्षं ॲसिडिटीचा त्रास आहे, जेवलं की तासाभरात छातीत जळजळ, आंबट ढेकर, रात्री उठून बसणं. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी वेगळं फिक्कं करायचे, रोज दुधी नाहीतर मऊ भात, चार दिवसांत ते कंटाळले आणि गपचूप लोणच्याची बरणी काढायला लागले. म्हणून सांगते, वेगळा स्वयंपाक करू नका, एकच करा आणि त्यांचा वाटा मधेच काढून घ्या.

म्हणजे कसं, तर वरण शिजलं की मीठ, हळद, किंचित गूळ घालून एक उकळी आणायची, त्यातलं दोन वाट्या बाजूला काढून त्यावर चमचाभर तुपाची जिरं-हिंगाची फोडणी द्यायची आणि मग उरलेल्यात चिंच, लसूण, लाल तिखट काय घालायचं ते घाला. दोडका, पडवळ, लाल भोपळा असं काही असेल तर सुरुवातीच्या फोडणीत मिरची नकोच, भाजी शिजून त्यांची काढली की बाकीच्यांसाठी पळीत तेल तापवून तिखटाची फोडणी वरून ओतायची, चव अजिबात बिघडत नाही. तेल मात्र सगळ्यांचंच कमी करा, कारण तेलकट जेवण पोटात जास्त वेळ पडून राहतं, अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि आम्ल वर येतं.

सगळंच बंद करायची गरज नसते हो! दोन आठवडे वहीत लिहून ठेवा, काय खाल्लं, किती वाजता, कधी जळजळलं. बाबांना टोमॅटो आणि सकाळचा रिकाम्या पोटीचा चहा बाधतो असं निघालं, लसूण मात्र चालतो, तुमच्याकडे उलटं असू शकेल. उपासाला दिवसभर उपाशी राहून मग तेलकट साबुदाणा खिचडी हे सगळ्यात वाईट, त्यापेक्षा भगर आणि काकडी थोडी थोडी दोनदा खा.

बाहेर जायचं तर साडेसातला जा. साडेनऊला जेवून अकराला आडवं झालं तर काहीही मागवा, त्रास होणारच, जेवण आणि झोप यात तीन तास हवेत. उडप्याकडे इडली सगळ्यात बरी, सांबार आंबट असतं म्हणून वाटीत घेऊन बुडवण्यापुरतं. मिसळ खायचीच असेल तर सरळ सांगायचं, "दादा, तर्री वेगळ्या वाटीत द्या," आणि ती बाजूलाच ठेवायची. पंजाबी हॉटेलात लाल ग्रेव्हीत टोमॅटो असतो आणि पांढरी काजूची जड असते, त्यामुळे साधी दाल, बिनबटरची रोटी, भात. सोबत लाइम सोडा नको, साधं पाणी घ्या. निघताना पेपरमिंटची गोळीही नको, त्यानेही ती झडप सैल पडते, बडीशेप चघळा. आणि थाळीत वाढपी आग्रह करतो तेव्हा ताटावर हात धरायला लाजू नका, पोट गच्च भरलं की साधा वरणभातही वर येतो.

गिळताना घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर गोळ्यांवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखून घाम फुटला, हाताला कळ गेली तर ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.