बातमीच्या संकेतस्थळावरची मल्टिमीडिया मांडणी कशी तपासावी

तपासणी मुख्यपानापासून सुरू करू नका. कितीतरी वाचक कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून थेट बातमीवरच येतात. म्हणून एकाच संकेतस्थळाची तीन पानं घ्या: एक रोजची छोटी बातमी, एक व्हिडिओ असलेली आणि एक आलेख-नकाशे असलेली मोठी. तिन्ही आधी साध्या स्मार्टफोनवर, आवाज बंद ठेवून उघडा.

प्रत्येक घटकाला कामाचा हिशेब विचारा. फोटो, व्हिडिओ किंवा नकाशा हाताने झाका आणि मजकूर वाचा. काहीच अडलं नाही, तर तो घटक नुसती सजावट आहे. पुराच्या बातमीत पाण्यात अडकलेल्या गाडीचा फोटो लक्ष वेधतो, पण पाणी कोणत्या भागापर्यंत चढलं हे नकाशाच सांगतो. फोटोखाली कधीचा, कुठला आणि कोणी काढलेला हे हवंच. जुना संग्रहातला फोटो तसं न सांगता लावला असेल, तर बाकीची मांडणी कितीही देखणी असो, तो दोष सगळ्यात वर नोंदवा.

मग वेग मोजा. संगणकावर क्रोममध्ये एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये कॅशे (आधी साठवलेल्या फायलींचा वापर) बंद करा, संथ नेटची नक्कल करणारा ‘स्लो ४जी’ पर्याय निवडा आणि पान पुन्हा लोड करा. किती एमबी उतरले ते तळाशी दिसतं. ‘परफॉर्मन्स’मध्ये तीन आकडे पाहा. मुख्य चित्र किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ (एलसीपी) २.५ सेकंदांच्या आत, टॅपला मिळणारा प्रतिसाद (आयएनपी) २०० मिलिसेकंदांच्या आत आणि पान हलण्याचं माप (सीएलएस) ०.१ च्या आत हवं. हे गूगलचे निकष आहेत. एका मोजणीवर विसंबू नका. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

वाचकाला सर्वात जास्त छळतं ते पानाचं हलणं. तो परिच्छेद वाचत असतो, वर जाहिरात उशिरा उतरते, ओळ खाली सरकते आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. कारण बहुधा दोनपैकी एक: फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये दिलेली नसते किंवा जाहिरातीसाठी जागा आधी राखलेली नसते. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे सर्वात वरच्या फोटोलाही ‘लेझी लोडिंग’ (वाचक जवळ पोचल्यावरच फोटो उतरवणं) लावणं. ते खालच्या फोटोंसाठी ठीक, वरचा मात्र त्यामुळे उगाच उशिरा येतो.

व्हिडिओ आपोआप आवाजासह सुरू होत असेल, तर तो दोष नोंदवाच. असा आवाज ३ सेकंदांहून जास्त चालणार असेल, तर तो थांबवायची किंवा कमी करायची सोय हवी, असं सुगम्यतेचं (अपंग वाचकांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीचं) डब्ल्यूसीएजी मानक सांगतं. सबटायटल्स नुसती आहेत की नाहीत एवढं पाहू नका, एक मिनिट ऐकत वाचा. यंत्राने तयार केलेली असतील तर माणसांची नावं आणि आकडे अनेकदा चुकतात, आणि बातमीत नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

आलेखात अक्ष आधी बघा. ५० आणि ५२ हे आकडे ४८ पासून सुरू होणाऱ्या स्तंभांत दाखवले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो. प्रत्यक्षात फरक ४ टक्के. स्तंभालेख शून्यापासूनच हवा. रंगवलेल्या नकाशात एकूण संख्या नको, लोकसंख्येच्या प्रमाणात दर हवा. नाहीतर जिथे माणसं जास्त तोच भाग नेहमी गडद. फक्त लाल-हिरव्यावर भिस्त असेल, तर या दोन रंगांतला फरक न दिसणाऱ्या रंगांधळ्या वाचकाला ते कळणार नाही.

शेवटी माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने, म्हणजे टॅबने बटणापर्यंत जाऊन एंटर किंवा स्पेस दाबून, व्हिडिओ सुरू आणि बंद करून बघा. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद फरक) किमान ४.५:१ आहे का, फोटोंना पर्यायी मजकूर (फोटो न दिसणाऱ्यांसाठी कोडमध्ये दिलेलं वर्णन) आहे का, तेही तपासा.

दोष लिहिताना क्रम ठेवा: आधी दिशाभूल करणारं, मग न चालणारं, मग हळू चालणारं. दिसायला न आवडलेलं सर्वात शेवटी. प्रत्येक नोंदीसोबत पानाचा पत्ता, वेळ, फोन आणि स्क्रीनशॉट जोडा, कारण बातमीचं पान तासाभरातही बदलू शकतं.