टिपाडातलं लिंबू थंडीत कसं सांभाळावं

विदर्भ म्हटलं की सगळ्यांना उन्हाळाच आठवतो. पण पौषातल्या रात्री पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा टिपाडातल्या (म्हणजे मोठ्या पिंपातल्या) लिंबाचे हाल शेतातल्यापेक्षा जास्त होतात; तिथं थंडी बाजूंनीही मुळांना लागते. १२-१३ अंशांखाली झाडाची वाढ जवळपास थांबते.

आधी जागा ठरवा. भरलेलं टिपाड दोघांनाही हलत नाही. घराची दक्षिणेकडची भिंत उत्तम: हिवाळ्यात दिवसभर ऊन, उत्तरेचा वारा अडतो. पश्चिमेची बाजू टाळा, मे महिन्यात तिथं झाड भाजतं.

२०० लिटरचं प्लास्टिकचं टिपाड अर्धं कापा (फवारणीच्या औषधाचं चुकूनही नको). तळाला बोटभर रुंदीची सात-आठ भोकं पाडून ते विटांवर ठेवा.

आता माती. घरामागं फुकट मिळते म्हणून शेतातली काळी माती भरू नका. ती हिवाळ्यात ओल सोडत नाही आणि उन्हाळ्यात आक्रसून कडा सोडते. मग वरून घातलेलं पाणी कडेनं थेट खाली जातं. दोन भाग गाळाची हलकी माती, एक भाग जाड रेती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घ्या. चुनखडीचा मुरूम मिसळला तर पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

रोप कागदी लिंबाचं घ्या. गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं) लवकर फळतं. संत्र्याचाच हट्ट असेल तर जंबेरी किंवा रंगपूर या लिंबांच्या खुंटावरचं (मुळाकडच्या रोपावरचं) कलम आणा आणि डोळा, म्हणजे कलमाचा जोड, मातीच्या वीतभर वर ठेवा, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो.

थंडीत पानं पिवळसर झाली की लोक पाणी वाढवतात. झाडं मरतात ती इथंच. गारठलेली मुळं पाणी ओढत नाहीत, ती सडतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही ऊन वर आल्यावर. विहिरीचं ताजं पाणी त्या वेळी कोमट असतं, तेच बरं. टिपाडाभोवती गोणपाट गुंडाळा. फार गारठा असेल तर रात्री झाडावरही पांघरा आणि सकाळी काढा. युरिया आणि छाटणी दोन्ही थांबवा.

या थंडीनं आणि कमी पाण्यानं झाडाला ताण बसतो, आंबिया बहाराला (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याला) तो हवाच असतो. जानेवारीअखेर ऊब वाढली की पाणी हळूहळू वाढवा आणि शेणखत द्या. कोवळ्या पालवीवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते. एक-दोन झाडांसाठी फवारणी कशाला, रोज सकाळी हातानं वेचा. एप्रिलपासून वर हिरवी जाळी बांधा.