अमेरिकेचे चांदीचे डॉलर जमवताय? मग या चुका टाळा

दर दिवाळीच्या आधी मला न्यू जर्सीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. "अरे ते चांदीचं डॉलरचं नाणं काळपट पडलंय, कशानं घासू?" कशानंही नको. पाण्यानं नको, टूथपेस्टनं नको, बेकिंग सोड्यानं तर अजिबात नको.

मी एवढा का चिडतो ते सांगतो. माझ्याकडे १९९६ च्या पॅरालिम्पिकनिमित्त काढलेला स्मारक डॉलर होता, व्हीलचेअरवरचा खेळाडू आणि ब्रेल लिपीत 'स्पिरिट' हा शब्द असलेला. त्यातला डेन्व्हरच्या टाकसाळीतला, म्हणजे 'डी' मार्कचा अनसर्क्युलेटेड (चलनात न फिरलेला, साध्या झळाळीचा), जो फक्त १४,४९७ विकला गेला. वर्षभर शोधून घेतलेला. लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं हवं म्हणून मीच हौसेनं तो बाहेर काढला, सासूबाई म्हणाल्या डबीत बंद लक्ष्मीची पूजा कशी करायची, म्हणून मीच कॅप्सूलसुद्धा उघडली, मग पंचामृत झालं, हळदकुंकू झालं, आणि सकाळी उठून बघतो तर नाणं आरशासारखं लखलखतंय. "जावईबापू, जरा मळलं होतं, चिंचेनं स्वच्छ करून ठेवलंय बघा." त्यांची काय चूक, आयुष्यभर चांदीची भांडी त्यांनी तशीच घासली. मी नुसतं "छान झालं" म्हणालो आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. भिंगाखाली केसासारख्या बारीक रेषाच रेषा. टाकसाळीतून आलेली ती मूळ झळाळी, नाणं दिव्याखाली फिरवलं की चाकासारखी फिरते ती, गेली ती गेलीच. ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून ७० पैकी आकडा देणाऱ्यांकडे, पाठवलं तर आकडा नाहीच, 'क्लीन्ड' असा शेरा मारून परत आलं.

तर काळपटपणा राहू द्या. पूजेसाठी वेगळं साधं नाणं घ्या. हात लावायचाच तर कडेला धरा, आणि खाली मऊ टॉवेल अंथरा.

दुसरी चूक म्हणजे 'लिमिटेड एडिशन, जुनं आहे, भाव वाढणारच'. कोणी सांगितलं? १९८६ चा स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा डॉलर घ्या. प्रूफच, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत काढलेले, ६४ लाखांच्या वर निघाले! चाळीस वर्षं झाली तरी तो बहुतेक चांदीच्या भावाच्या आसपासच घोटाळतो. आमच्या ओळखीच्या एकानं मखमली डबी बघून असे पाच घेतले, तेही टीव्हीवरच्या जाहिरातीतून, मुलीच्या कॉलेजसाठी गुंतवणूक म्हणून. काय बोलणार.

माझी सवय सराफाकडे जाताना असते तीच. आधी वजन, मग घडणावळ. १९८३ च्या ऑलिम्पिक डॉलरपासून २०१८ पर्यंतचा प्रत्येक चांदीचा स्मारक डॉलर २६.७३ ग्रॅमचा, ९०% चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी साधारण २४ ग्रॅम, जुन्या हिशोबानं दोन तोळ्यांच्या जरा वर. त्या दिवसाच्या भावानं गुणा, झाला मोडीचा भाव. त्यावर दुकानदार जे मागतो ती घडणावळ, आणि ती कशासाठी देतोय ते सांगता आलं पाहिजे. थेट मिंटकडून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टाकसाळीकडून, घेतलं तरी किमतीत एखाद्या संस्थेची देणगी धरलेली असते, हल्ली चांदीच्या डॉलरमागे १० डॉलर. देणगी म्हणून छानच आहे, पण विकताना ते १० तुम्हाला कोणी परत देत नाही.

घडणावळ कशाला द्यायची ते किती निघाले या आकड्यावरून ठरवा, आणि आकडा बघताना प्रूफ आणि अनसर्क्युलेटेड वेगवेगळे बघा!! त्याच पॅरालिम्पिक डॉलरचे 'पी' मार्कचे, म्हणजे फिलाडेल्फियाचे, प्रूफ ८४,२८० आहेत. आरशासारखं चकचकीत प्रूफ दिसायला भारी, म्हणून नवखा माणूस तेच महाग समजून घेतो, आणि दुर्मीळ बाजूला पडलेलं असतं ते साधं दिसणारं.

२००१ चा बफेलो डॉलर स्वस्तात मिळाला म्हणून नाचू नका, त्याच्या नकला भरपूर आहेत. खिशातला छोटा वजनकाटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. वजन चुकलं तर विषय संपला, बरोबर आलं तरी खरंच आहे असं नाही, म्हणून मी अनोळखी माणसाकडून हे नाणं घेतच नाही.

मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं फेकून द्या, त्यातल्या पीव्हीसीनं नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. ३८.१ मिमीची कडक कॅप्सूल काही फार महाग नसते. थर आलाच असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढायचं, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, आणि पुसायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे अॅसिटोन नव्हे, त्यात इतर बरंच काही असतं.

६९ आणि ७० ग्रेडमधला फरक तुम्हाला स्वतःला दिसत नसेल तर ७० चे पैसे देऊ नका.

आणि ते २००७ पासूनचे पिवळे प्रेसिडेन्शियल डॉलर सोन्याचे नाहीत, त्यांच्यात सोनं औषधालाही नाही. कडेवरची अक्षरं 'उलटी' आहेत म्हणून मला फोटो पाठवू नका, सुलटी-उलटी दोन्ही नेहमीचीच. कडेवर अक्षरंच नसतील, तर ती टाकसाळीची खरी चूक, तो फोटो मात्र पाठवा.