ओंटारिओत ग्रेड ११-१२चे सामाजिक विषय निवडताना

ओंटारिओतल्या हायस्कूलमध्ये मूल रुळतं न रुळतं तोच हिवाळ्यात पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म येतो. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आपल्या घरांत आधीच ठरलेलं असतं. उरलेल्या एकदोन जागांवर मात्र फारसं बोलणं होत नाही. ‘मार्क सहज मिळतील असं काहीतरी घे’ म्हणून आपण मोकळे होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, या जागांवर लॉ, इतिहास, फिलॉसॉफी असे सामाजिक विषय घेता येतात, ते निवडायला मुलाबरोबर निवांत बसा.

आधी कोर्स कोड वाचायला शिका. ‘सीएलएन४यू’ या लॉच्या कोर्समधला ४ म्हणजे ग्रेड १२ (३ असेल तर ११). शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: यू म्हणजे युनिव्हर्सिटीसाठी, एम म्हणजे युनिव्हर्सिटी आणि कॉलेज दोन्हींसाठी, सी कॉलेजसाठी, ओ सगळ्यांसाठी खुला. युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाला ग्रेड १२चे सहा यू किंवा एम कोर्स धरतात. ओ कोर्स कितीही आवडला, ९५ मार्क मिळाले, तरी त्या सहांत तो बसत नाही. नव्या कुटुंबांना हे बहुधा उशिरा कळतं.

इंजिनिअरिंगवाल्यांचे इंग्लिश, फंक्शन्स, कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री असे पाच गेले की सहावा मोकळा राहतो, आणि त्याचेही मार्क सहसा सरासरीत येतात. बिझनेसला जायचं म्हणून अर्थशास्त्र घ्यायलाच हवं, हाही गैरसमज आहे. तिथे मुख्यतः इंग्लिश आणि गणित पाहतात. वकील व्हायचंय म्हणून लॉ सक्तीचं नाही, कारण इथे लॉ स्कूल पदवीचं शिक्षण घेतल्यानंतर येतं. म्हणजे हे विषय निवडताना प्रवेशाचं ओझं फार नाही. मुलाला कशावर तावातावाने बोलायला आवडतं, ते बघा.

दारंही फारशी बंद होत नाहीत. ग्रेड १२चं लॉ, जागतिक इतिहास, राजकारण किंवा फिलॉसॉफी घ्यायला त्याच विषयाचा ग्रेड ११चा कोर्स लागत नाही. कॅनेडियन अँड वर्ल्ड स्टडीज (इतिहास, भूगोल, लॉ, अर्थशास्त्र वगैरेंचा गट), सोशल सायन्सेस किंवा इंग्लिश, यांतला कोणताही यू किंवा एम कोर्स आधी झालेला असला की पुरतं. मूल ग्रेड ११च्या मध्यावर भारतातून आलं असेल, तर हे फार कामाचं. आधीच्या शाळेचे कागद बघून किती क्रेडिट धरायचे ते इथले प्रिन्सिपल ठरवतात, म्हणून गुणपत्रिका सोबत आणाच.

मला विचाराल तर एक लॉचा कोर्स प्रत्येक मुलाने घ्यावा. १९८२च्या चार्टरने, म्हणजे कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेने, दिलेले हक्क सरकार किती आवळू शकतं, हे १९८६च्या ओक्स खटल्यातून शिकता येतं. १९८५च्या सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चार्टरमधलं ‘प्रत्येक व्यक्ती’ म्हणजे कॅनडात हजर असलेला प्रत्येक माणूस, नागरिक असो वा नसो. तो निर्वासितांच्या सुनावणीचा खटला होता. पीआर (कायम वास्तव्याच्या) कार्डाची वाट बघणाऱ्या घरातल्या मुलाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. इतिहासाचंही तसंच. १९१४मध्ये व्हँकूवरहून परत पाठवलेल्या, भारतीय प्रवाशांच्या कोमागाता मारू जहाजाबद्दल या देशाच्या पंतप्रधानांनी २०१६मध्ये संसदेत माफी मागितली. ते का घडलं, हे समजलेलं मूल इथे पाहुण्यासारखं राहत नाही.

डॉक्टरकीचं स्वप्न असेल तर ग्रेड ११चा मानववंशशास्त्र-मानसशास्त्र-समाजशास्त्राचा एकत्र कोर्स, एचएसपी३यू, बघा. २०१५पासून मेडिकल प्रवेशाच्या एमकॅट परीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्रावर स्वतंत्र भाग आहे. त्याची पहिली ओळख इथे होते.

आता कष्टांचं. आपल्याकडे इतिहास-नागरिकशास्त्र म्हणजे पाठांतर आणि मुद्देसूद उत्तरं. इथे स्वतःचं म्हणणं मांडायचं, पुरावे द्यायचे, आणि प्रत्येक स्रोताचा उल्लेख करायचा. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला तर ती चोरी धरली जाते. हुशार मुलंही सुरुवातीला इथेच अडखळतात. ७० टक्के मार्क वर्षभराच्या कामाचे आणि ३० टक्के शेवटच्या परीक्षेचे किंवा प्रोजेक्टचे, त्यामुळे शेवटच्या महिन्यात जागून भरून निघत नाही. इंग्लिश अजून कच्चं असेल तर एकाच सेमिस्टरमध्ये दोन निबंधवाले विषय टाकू नका. एक गणिताच्या जोडीला ठेवा.

फॉर्मवर पर्यायी विषयही विचार करूनच लिहा, कारण पुरेशी मुलं नसतील तर शाळा तो कोर्स चालवत नाही. आणि कोर्स झेपत नाही असं दिसलं तर गायडन्स काउन्सेलरला लगेच भेटा. ग्रेड ११-१२मध्ये मिडटर्म रिपोर्ट कार्ड आल्यावर शाळेचे पाच दिवस उलटून गेले, की सोडलेला कोर्सही मार्कांसकट ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) दिसतो. नेमकी तारीख शाळेकडून सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लिहून घ्या.