नॉर्वेला जायचंय? आधी दिवाळी की मे ते ठरवा

मे मध्ये जळगाव-भुसावळ तापलं की सगळ्यांना थंड देश आठवतात, मग कोणीतरी ग्रुपवर हिरव्या आकाशाचा व्हिडिओ टाकतं आणि नॉर्वेचं ठरतं. पण थांबा भो, तिकीट काढू नका अजून. ते हिरवं आकाश म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, त्याला काळोख लागतो, आणि ट्रॉम्सोला, म्हणजे लाइट्ससाठी लोक जातात त्या उत्तर नॉर्वेतल्या शहरात, साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. म्हणजे पोरांच्या उन्हाळी सुट्टीत गेलात तर रात्री बाराला ऊन बघायला मिळेल, लाइट्स नाही. लाइट्स पाहिजे असतील तर सप्टेंबर ते मार्च, म्हणजे आपल्याला दिवाळीची सुट्टी बेस्ट.

लाइट्ससाठी ट्रॉम्सोत निदान चार रात्री ठेवा, कारण किनाऱ्यावर ढग फार आणि एका रात्रीच्या भरवशावर गेलं तर नशीबच. तिथे मिनीबसवाले जिकडे आभाळ मोकळं तिकडे नेतात, कधीकधी पार फिनलंडच्या बॉर्डरपर्यंत. हवामानाला ‘यर’ ॲप टाका, तिथले लोक तेच बघतात. आणि हो, फोटोत जेवढं हिरवंगार येतं तेवढं डोळ्यांना दिसत नाही, बरेचदा फिकट पांढुरकंच वाटतं, तर नाराज होऊ नका. हिवाळ्यात तिथे सामी, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी लोकांच्या रेनडियर कॅम्पला जाता येतं, तंबूत शेकोटीपाशी बसवून त्यांचं ‘योइक’ गाणं ऐकवतात. जेवणात मात्र रेनडियरचंच मटण असतं, शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगायचं.

मे-जूनमध्येच जमणार असेल तर ट्रॉम्सोचा हट्ट सोडा आणि फ्योर्ड, म्हणजे उंच डोंगरांमध्ये आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या बघा, तेव्हा बर्फ वितळून धबधबे जोरात असतात. ऑस्लोहून बर्गनची ट्रेन पकडायची, मिरडालला उतरून फ्लोमची छोटी रेल्वे घ्यायची, 20 किलोमीटरमध्ये ती साडेआठशे मीटरपेक्षा जास्त खाली उतरते. फ्लोमहून बोटीने गुडवांगेन, वाटेत नॅरोयफ्योर्ड लागतो, 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, मग बसने व्हॉस आणि परत ट्रेनने बर्गन. एजंट हेच पॅकेज करून विकतात, पण वेगवेगळी तिकिटं स्वतः काढता येतात, आणि ट्रेनचं जेवढं लवकर काढाल तेवढं स्वस्त. बर्गनला ब्रिग्गेनची जुनी लाकडी घरं बघा, रेनकोट पाहिजेच, वर्षात दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो तिथे. ऑस्लोत विगेलँड पार्क फुकट आहे, दोनशेपेक्षा जास्त पुतळे, अर्धा दिवस आरामात जातो.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, फी 90 युरो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांच्या ठशांसाठी व्हिसा सेंटरला जावं लागेल, इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा.

हॉटेलात जेवाल तर खिसा रिकामा, त्यामुळे किचनवाली खोली घ्या आणि घरून कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, बिबडे न्या. तूप, पेढे, मटणाचं लोणचं अजिबात नको, भारतातून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं चांगलं असतं. आणि किराणा शनिवारीच भरून ठेवा, रविवारी बहुतेक दुकानं बंद.