नवं खातं उघडण्याआधी तिचे पैसे कुठे जातात ते बघा

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांसोबत मी आर्थिक साक्षरतेचं काम करते. या कामात नव्याने येणारे तुम्ही जनधन, बचत गट हे सगळं वाचूनच येता, म्हणून तिकडे वळत नाही. एका गोष्टीने मात्र माझा फार जीव खाल्ला, ती नीट समजून घ्या.

बाई म्हणते, "ताई, पैसे आलेच नाहीत." बँक म्हणते, आधार लिंक आहे. दोघीही खरं बोलत असतात. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे त्या यादीत, नोंद असणं वेगळं. आधारवर सोडलेले डीबीटीचे, म्हणजे सरकारी योजनांचे थेट खात्यात येणारे पैसे मॅपर बघून जातात, आणि तिथे एका आधारपुढे एकच बँक असते, शेवटचं सीडिंग, म्हणजे मॅपरमधली ही नोंद, जिथे झालं ती. खाते क्रमांक तिथे नसतोच. तिची खाती चार असली तरी पैसे त्या एकाच बँकेत पडणार. लग्नाआधी शिष्यवृत्तीसाठी माहेरी काढलेलं खातं, सिमकार्ड घेताना अंगठा दिला तेव्हा उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं... लाडकी बहीणचे दीड हजार कितीजणींच्या अशाच विसरलेल्या खात्यांत सापडले. म्हणून आधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा. ओटीपीसाठी तिचा आधारला जोडलेला मोबाइल लागतो, तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्र गाठा. मग हव्या त्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. घाईने नवं खातं काढलंत तर गुंता आणखी वाढतो.

"ताई, एका दुपारी सगळ्यांचे अंगठे घेऊन मोकळं करतो," म्हणणाऱ्याला गावात उभं करू नका. यात मला तडजोड मान्य नाही.

शिकायचं तर चांगल्या बँक मित्राजवळ, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीजवळ बसा, शाखाधिकारी दर काही वर्षांनी बदलतात. कोयत्याने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. चांगला बँक मित्र हात धुऊन कोरडे करायला सांगतो, दहाही बोटं लावून बघतो, आणि व्यवहार फसला तरी पावती देतो.

तुमच्या पहिल्या हंगामात हाती काही लागत नाही, सगळ्यांचंच तसं होतं, खचू नका. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांचं एक एकक धरतात, उचल (आगाऊ रक्कम) मजूर नेणारा मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, तिच्या नावाची मजुरी कुठे दिसतच नाही. अशा बाईला बचतीचं व्याख्यान देऊ नका, तिचा एक अडकलेला हप्ता सोडवून द्या, पुढचं ती स्वतः विचारते.

कामाचं वेळापत्रक कारखान्यांच्या गाळपाशी जुळवा. कागदपत्रं टोळ्या निघण्याआधी, दसऱ्यापर्यंत उरका. माणसं परतली की मे महिन्यात घरोघर जाऊन सांगा, खातं पूर्ण रिकामं करू नका. जीवनज्योती या सरकारी आयुर्विम्याचे 436 आणि सुरक्षा विमा या अपघात विम्याचे 20 रुपये मेअखेरीस कापले जातात. तेवढी शिल्लक नसेल तर 1 जूनपासून विम्याचं संरक्षण राहत नाही.