आयरिश पदार्थ व्हीगन पद्धतीने घरी कसे करावेत

आयरिश पदार्थ व्हीगन, म्हणजे मांस, दूध, अंडी असे प्राणिजन्य काहीही न वापरता, करायचे म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम मटणाचा स्ट्यू येतो आणि मांसाऐवजी काय घालावे, हा प्रश्न पडतो. खरी अडचण मात्र मांसाची नाही. आयर्लंडच्या खेड्यांतील सामान्य घरांत मांस रोज शिजत नसे. ओट्स, दूध, लोणी आणि ताक हा तिथल्या आहाराचा जुना पाया होता, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गरिबांचे जेवण बहुतांशी बटाटा आणि ताक एवढ्यावर येऊन ठेपले होते. १८४५ साली बटाट्यावर करपा पडल्यावर ओढवलेला दुष्काळ इतका भीषण ठरला, त्याचे एक मोठे कारण हेच अवलंबित्व होते. त्यामुळे या स्वयंपाकातून मांस सहज वगळता येते, पण लोणी आणि ताक वगळताना त्या पदार्थात ते नेमके कोणते काम करतात, हे आधी पाहावे लागते.

दुधाची निवड

सोयाचे दूध सर्वांत उपयोगी पडते, कारण त्यातील प्रथिनांमुळे आंबट घातल्यावर ते ताकासारखे दाटसर होते. बदामाच्या किंवा तांदळाच्या दुधाला तसा दाटपणा येत नाही. बाजारात मिळणारे सोयाचे दूध पुष्कळदा गोड किंवा व्हॅनिलाच्या वासाचे असते, म्हणून पाकिटावरील घटकांची यादी वाचून साखर नसलेलेच घ्यावे. घरी केलेले ओट्सचे दूध तापवल्यावर बुळबुळीत होते. त्यापेक्षा ५० ग्रॅम काजू दोन तास भिजवून २५० मिली पाण्यात बारीक वाटलेले दूध बटाट्याच्या पदार्थांत अधिक चांगले लागते.

सोडा ब्रेड

आयर्लंडच्या हवेत वाढणारा गहू मऊ आणि कमी ग्लुटेनचा, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिन कमी असलेला, असतो. यीस्टने फुगवायच्या पावासाठी तो फारसा चांगला नाही, पण खाण्याच्या सोड्याने फुलणाऱ्या ब्रेडला अगदी योग्य. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात सोडा मिळू लागल्यावर ही पद्धत तिथे घरोघरी रुजली.

ओव्हन आधी २२० अंश सेल्सियसवर तापत ठेवावा. ३७५ मिली सोयाच्या दुधात दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटे ठेवावे. २२५ ग्रॅम कणीक, २२५ ग्रॅम मैदा, एक लहान चमचा मीठ आणि पाऊण लहान चमचा सोडा एकत्र चाळून घ्यावा. चाळणीत राहिलेला कोंडा टाकून न देता पिठातच परत मिसळावा. मूळ कृतीत सोडा सहसा एक लहान चमचा असतो, पण आपल्या मिश्रणाचा आंबटपणा खऱ्या ताकापेक्षा थोडा कमी भरतो आणि उरलेला सोडा ब्रेडला साबणासारखी चव व पिवळट डाग देतो, म्हणून येथे तो कमी केला आहे.

पिठाच्या मधोमध खळगा करून जवळजवळ सगळे दूध एकदम ओतावे आणि हाताची बोटे फाकवून पीठ बाहेरून आत ओढत गोळा करावे. आपली कणीक बारीक दळलेली असल्याने पाणी जास्त पिते, म्हणून पीठ कोरडे वाटल्यास एखाद-दोन चमचे पाणी वाढवावे. पोळीच्या कणकेसारखे हे पीठ मळू नये. मळले की ब्रेड चिवट होतो. ओलसर, खडबडीत गोळा पीठ भुरभुरवलेल्या ट्रेवर ठेवून चार सेंटिमीटर उंचीची चकती थापावी आणि सुरीने आरपार नव्हे, पण खोलवर फुलीचा छेद द्यावा, म्हणजे जाड मध्यभागापर्यंत उष्णता पोहोचते. सोडा ओला होताच काम करू लागतो, तेव्हा गोळा रेंगाळत न ठेवता लगेच ओव्हनमध्ये सरकवावा. पंधरा मिनिटांनी तापमान २०० अंशांवर आणून आणखी २५ ते ३० मिनिटे भाजावे. उलटा करून बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर ब्रेड झाला. कवच मऊ हवे असल्यास गरम असतानाच स्वच्छ कापडात गुंडाळावे.

कोलकॅनन

बटाटा आणि केल (कोबीच्या कुळातील पालेभाजी) किंवा कोबी यांचा हा पदार्थ ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या रात्री, खास केला जाई आणि त्यात अंगठी किंवा नाणे लपवून भविष्य पाहिले जाई. केल मिळाला नाही तर हळहळू नये. कोबी तितकाच अस्सल आहे.

एक किलो जुने, पिठूळ बटाटे सालासकट उकडावेत. नवे, पाणीदार बटाटे येथे चालत नाहीत. पाणी निथळून बटाटे त्याच पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटे परतावेत, म्हणजे अंगचे पाणी उडून जाते. २५० ग्रॅम कोबी बारीक चिरून मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटे उकळून घट्ट पिळून घ्यावा. एकीकडे २०० मिली काजूच्या दुधात कांद्याची चिरलेली पात घालून दूध गरम करावे, मात्र उकळू देऊ नये. बटाटे सोलून गरम असतानाच हाताने कुस्करावेत. मिक्सर वापरल्यास स्टार्च मोकळा होऊन त्याचा डिंकासारखा चिकट लगदा होतो. आता गरम दूध थोडे थोडे घालत फेटावे. थंड दूध बटाटा नीट सामावून घेत नाही. शेवटी कोबी, मीठ आणि मिरपूड मिसळावी. वाढताना मधोमध खळगा करून त्यात लोणी वितळू देण्याची रीत आहे. त्या जागी ५० ते ६० ग्रॅम वनस्पतीजन्य बटर घ्यावे, किंवा वास नसलेले शुद्धीकृत तेल चिमूटभर मीठ घालून कोमट करून ओतावे. आपले घाण्याचे खोबरेल येथे नको, कारण त्याचा वास सगळ्यावर मात करतो.

स्ट्यू

मूळ स्ट्यू म्हणजे मटण, बटाटा, कांदा आणि पाणी. गाजर घालावे की नाही, यावरही तिथे वाद होतात. मटण शिजताना सुटणारे जिलेटिन रश्शाला दाटपणा देते, तो दाटपणा येथे बार्लीकडून आणि विरघळणाऱ्या बटाट्याकडून मिळवायचा आहे. ३०० ग्रॅम मशरूम रुंद कढईत, गर्दी न करता, थोड्या तेलावर गडद तपकिरी होईपर्यंत परतून बाजूला ठेवावे. त्याच कढईत तीन कांदे सावकाश परतावेत, मग भिजवलेली ७५ ग्रॅम बार्ली, एका पिठूळ बटाट्याचे पातळ काप, थाइम (एक सुवासिक पाला) आणि सव्वा लिटर पाणी घालून अर्धा तास मंद शिजवावे. त्यानंतर चार घट्ट बटाट्यांचे मोठे तुकडे व दोन गाजरे घालून आणखी २५ मिनिटे ठेवावे. शेवटी मशरूम, एक चमचा सोया सॉस आणि भरपूर पार्सली (कोथिंबिरीसारखा पाला) घालावी. स्टाउट ही काळपट बिअर गोमांसाच्या स्ट्यूत शोभते, यात नको, असे माझे मत आहे. तरीही घालायची असल्यास बाटली पारखून घ्यावी, कारण बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास वापरण्याची प्रथा जुनी आहे. गिनेस या प्रसिद्ध आयरिश स्टाउटच्या उत्पादकांनी मात्र तो वापरणे आता थांबवले आहे.

डब्लिनचा कॉडल मी या यादीत घेतलेला नाही. सॉसेज आणि बेकन हाच त्याचा आत्मा आहे, आणि व्हीगन सॉसेज तितका वेळ रश्शात शिजवले की त्याचा भुगा होतो.

बॉक्स्टी

लेट्रिम आणि कॅव्हन भागांतील या बटाट्याच्या धिरड्याला ओव्हन लागत नाही, तवा पुरतो. २५० ग्रॅम कच्चा बटाटा किसून कापडात पिळावा आणि निघालेले पाणी वाटीत दहा मिनिटे स्थिर ठेवावे. वरचे पाणी हलकेच ओतून दिल्यावर तळाशी जो पांढरा, घट्ट थर राहतो, तो खरवडून किसात परत घालावा. बॉक्स्टी तुटू नये म्हणून हाच कामी येतो, अंड्याची गरज उरत नाही. त्यात २५० ग्रॅम कुस्करलेला उकडलेला बटाटा, १२५ ग्रॅम मैदा, पाव लहान चमचा सोडा, मीठ आणि ब्रेडसाठी सांगितल्याप्रमाणे आंबवलेले १५० मिली सोयाचे दूध मिसळावे. मध्यम आचेवर, तेल लावलेल्या तव्यावर जाडसर पसरून प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटे भाजावी. आच मोठी ठेवल्यास वरून रंग चढतो, पण आतला कीस कच्चाच राहतो. पीठ तसेच ठेवून दिले तर काळे पडते, त्यामुळे उरेल असे वाटल्यास सगळ्याच बॉक्स्टी भाजून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर पुन्हा कुरकुरीत करून घ्याव्यात.